बिअर की मीड? घरच्या पहिल्या बॅचला नेमकी सुरुवात कुठून करू?

नवा_बुधला:

नमस्कार मंडळी. गेला महिनाभर घरी बिअर आणि मीड (मध पाण्यात आंबवून केलेली दारू) करण्याबद्दल मिळेल ते वाचतोय. आता अशी गत झालीय की वाचून वाचून हातच पुढे सरकत नाही. एक जण म्हणतो वीस लिटरचं भांडं हवंच. दुसऱ्याच्या मते गार करायला तांब्याची कॉइल नसेल तर बिअरच्या नादी लागू नये. तिसरा सांगतो, मध आणि पाणी एकत्र करून ठेवून द्या, पुढचं आपोआप होतं.

माझ्याकडे पाच लिटरचा काचेचा बुधला आहे, त्याला घट्ट बसणारं रबरी बूच आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी पाण्याची नळी). १.२ किलो मध आणून ठेवलाय. घरातलं एक मोठं स्टीलचं पातेलं वापरायला मिळेल. थर्मामीटर आहे. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायची तरंगती नळी) अजून घेतला नाही, कारण त्याची खरंच गरज आहे का तेच कळत नाही.

तर पहिली बॅच बिअरची करू की मीडची? कशावाचून चालेल आणि कशावाचून अडेल? आणि एक भीती सरळच विचारतो: काही चुकलं तर हे विषारी होऊ शकतं का? घरात हा विषय रोज निघतो आणि माझ्याकडे धड उत्तर नसतं. स्वतःपुरतं करायला आमच्याकडे कायद्याने मुभा आहे, ते तपासून घेतलंय, त्यामुळे ती बाजू सोडून द्या.

साका:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण घरच्यांचं मन निश्चिंत नसेल तर हा उद्योग फार दिवस चालत नाही.

घरच्यांना भीती असते ती मिथेनॉलची. आंबवताना मिथेनॉल येतं ते मुख्यतः फळांच्या सालीतल्या आणि गरातल्या पेक्टिनपासून. मध आणि मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) यांच्यात पेक्टिन नावालाच असतं, त्यामुळे मीड किंवा बिअरमध्ये अपाय होईल इतकं मिथेनॉल तयार होत नाही. विषारी दारूने माणसं दगावतात त्यामागे बहुतेक वेळा कारखान्यातल्या मिथेनॉलची भेसळ असते. एक गोष्ट मात्र ठाम सांगतो: घरी ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून वाफेपासून कडक दारू काढणं, करू नका. अल्कोहोलची वाफ पेट घेते, आणि बहुतेक देशांत ते बेकायदाही आहे. नुसतं आंबवलेलं पेय बिघडलं तर आंबट होतं, घाण वास मारतं, तोंडात धरवत नाही. आम्लता आणि अल्कोहोल या दोन्हींमुळे आजार पसरवणारे जंतू त्यात सहसा तग धरत नाहीत. पृष्ठभागावर लव असलेली, रंगीत बुरशी दिसली तर मात्र चमच्याने काढत बसू नका, सगळं ओतून द्या. सुरुवातीला जो तपकिरी, चिकट, ओंगळ फेस काचेला धरतो ती बुरशी नव्हे. त्याला घाबरून चांगली बॅच ओतून दिलेली माणसं मला माहीत आहेत.

आता बिअर की मीड. मी गेली नऊ वर्षं दोन्ही करतो आणि माझं मत पक्कं आहे: पहिली मीड करा, चार लिटरची. बिअरच्या दिवशी दोन वेगळी कामं शिकावी लागतात. आधी धान्यातली साखर काढून, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं) घालून उकळायचं, म्हणजे एक मोठा स्वयंपाकच. मग यीस्टला सांभाळायचं. मीडमध्ये पहिलं काम मधमाश्यांनी करून ठेवलेलं असतं. तुमच्या वाट्याला फक्त यीस्ट येतं, आणि सगळी मेख तिथेच आहे. यीस्टची काळजी घ्यायला शिकलात तर पुढची बिअर चांगलीच होईल.

‘आपोआप होतं’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. मधात पाणी साधारण १७-१८ टक्के असतं. इतक्या घट्ट साखरेत कोणताही सूक्ष्मजीव हातपाय हलवू शकत नाही, म्हणून मध वर्षानुवर्षं टिकतो. पाणी घातलं की त्यात झोपलेलं सगळं जागं होतं, आणि त्यातलं कोण पुढे जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. १५१६ सालच्या बव्हेरियातल्या प्रसिद्ध बिअर-कायद्यात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक लिहिलेले आहेत. यीस्टचं नावच नाही, कारण ते काय असतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट बिअरसाठी वापरात आलं ते १८८३ साली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या एमिल ख्रिश्चन हॅन्सनमुळे. इतक्या कष्टाने मिळालेली गोष्ट आज पाच ग्रॅमच्या पाकिटात येते. ती वापरा. पहिल्या मीडसाठी ७१बी नावाचं वाइन यीस्ट बघा, स्वभावाने समजूतदार आहे.

मध उकळू नका. सुगंध उडून जातो आणि हाती काही लागत नाही. १.२ किलो मध म्हणजे साधारण ८५० मिलिलिटर. त्यात पाणी घालून एकूण चार लिटर करा. वरचा एक लिटर मोकळा राहू द्या, फेसाला जागा लागते. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते उकळून गार करून घ्या.

स्वच्छतेत दोन पायऱ्या आहेत आणि नवीन माणूस हमखास एकच करतो. आधी धुणं, म्हणजे डोळ्यांना दिसणारी घाण काढणं. मग निर्जंतुक करणं. फॉस्फोरिक आम्लाचं, नंतर धुवावं न लागणारं द्रावण मिळतं, ते मोजून पाण्यात घाला आणि बुधला, बूच, नळी, चमचा, मिश्रणाला जे जे शिवेल ते सगळं त्यात भिजवा. त्याचा फेस बुधल्यात उरला तरी चालतो. ब्लीच टाळा, कारण त्याचा अंश राहिला तर औषधासारखी, प्लास्टिकसारखी चव येते आणि ती काही केल्या जात नाही.

यीस्ट कोरडंच भुरभुरवू नका. ५ ग्रॅम यीस्ट ५० मिलिलिटर कोमट पाण्यात, ३५ ते ४० अंशांच्या मध्ये, पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. मग त्यात थोडं थोडं मधाचं पाणी घालत तापमान खाली आणा, आणि दोन्हींत दहा अंशांपेक्षा कमी फरक उरला की बुधल्यात ओता. त्याआधी बुधला चांगला हलवून घ्या. सुरुवातीला यीस्टला प्राणवायू हवा असतो. नंतर, आंबणं संपत आल्यावर, तोच प्राणवायू वैरी होतो.

आणि पोषण! मधात साखर भरपूर, पण नत्र जवळजवळ नाही. उपाशी यीस्ट सडक्या अंड्यासारखा वास सोडतं आणि अर्ध्यात थांबतं. यीस्टचं पोषक मिळतं, त्याच्या पाकिटावरच्या मात्रेचे चार भाग करा: एकेक भाग पहिल्या तीन दिवशी, चौथा एक तृतीयांश साखर संपल्यावर. तिसऱ्या बॅचच्या वेळी मी ही पूड थेट बुधल्यात टाकली. आत वायू ठासून भरलेला होता, त्याला पुडीच्या कणांचा आधार मिळाला आणि क्षणात फेसाचा खांब तोंडातून वर आला. अर्धा लिटर मीड, भिंत, माझा शर्ट, सगळं एक झालं. म्हणून आधी बुधला हलके गोल फिरवून वायू निघू द्या, पोषक थोड्या पाण्यात विरघळवा, मग हळूहळू सोडा.

हायड्रोमीटर घ्याच. दुसरं काहीही एक वेळ टाळा, पण तो नाही. साखर किती होती आणि किती उरली हे फक्त तोच सांगतो. बुडबुडे सांगत नाहीत. एअरलॉक हवामान बदललं तरी बोलतो आणि बूच सैल असलं तर मुका बसतो. तुमच्या प्रमाणाला सुरुवातीचा आकडा, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, १.०८८ च्या आसपास यायला हवा. शेवटच्या आकड्याशी त्याचा फरक काढून १३१ ने गुणा, अल्कोहोलची टक्केवारी कळते.

पहिल्या रात्री एक करा. दिवा मालवा आणि टॉर्च बुधल्याच्या मागे धरा. यीस्ट घातल्यावर सात-आठ तासांत काही दिसेलच असं नाही, पण दुसऱ्या रात्री तळापासून वर जाणाऱ्या बारीक बुडबुड्यांच्या माळा दिसतात. ढगासारखे पुंजके वर येतात, पृष्ठभागाला टेकून वायू सोडतात आणि परत खाली बुडतात. कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते. मी अजूनही प्रत्येक बॅचला हे करतो.

मॉल्ट_आणि_फेस:

साकादादांचं सगळं पटलं, फक्त मूळ सल्ला पटला नाही. नवीन माणसाला मी बिअरच सुचवते. कारण एकच: मीड कशी झाली ते कळायला महिने जातात. तरुण मीड कडक, उग्र लागते, आणि नवीन माणसाला कळत नाही की हे आपलं चुकलं की ती अजून मुरायची आहे. बिअर चार-पाच आठवड्यांत पेल्यात येते. चुकलेलं ताजं आठवत असतानाच पुढची करता येते. वर्षभरात दहा बॅचेस झाल्या की हात बसतो. मीडच्या तेवढ्या वेळात दोन-तीन होतील.

आणि बिअरचा बाऊ करायचं कारण नाही. कॉइल लागत नाही, वीस लिटरचं भांडं लागत नाही. चार लिटरसाठी अर्धा किलो कोरडं मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट (मॉल्टमधून काढलेल्या साखरेची तयार पूड) घ्या. साडेपाच लिटर पाण्यापासून सुरुवात करा, कारण तासाभरात लिटर-दीड लिटर वाफ होऊन जातं. आच बंद करून एक्स्ट्रॅक्ट ढवळा, नाहीतर तळाला करपतं. मग उकळी आणा आणि तिथून हलू नका. पहिल्या पाच-दहा मिनिटांत फेस एकदम फुगून वर येतो आणि उतू जातो. तो बसला की ६ टक्के अल्फा आम्लाचे (कडूपणा देणारा घटक, पाकिटावर लिहिलेला असतो) ८ ग्रॅम हॉप्स घाला. कडूपणा हॉप्समधून लगेच उतरत नाही, त्यातली आम्लं तासभर उकळल्यावरच रूप बदलतात आणि विरघळतात. सुगंधाचं नेमकं उलट, तो उकळला की उडतो. म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत आणखी ५ ग्रॅम. मग झाकण लावून पातेलं बर्फाच्या पाण्यात बसवा, पाणी दोन-तीनदा बदला, वीस अंशांच्या खाली आणा. साधं एल (खोलीच्या तापमानाला आंबणाऱ्या बिअरचं) यीस्ट. ११.५ ग्रॅमचं पाकीट वीसेक लिटरसाठी असतं, तुम्हाला तीन ग्रॅम पुरेत.

धान्यापासून करणं पुढच्या खेपेला ठेवा. मोठ्या कापडी पिशवीत भरडलेलं मॉल्ट घालून तासभर ६५ ते ६८ अंशांत भिजवायचं, एवढंच ते असतं. खालच्या बाजूला राहिलात तर बिअर कोरडी आणि हलकी होते, वरच्या बाजूला गेलात तर अंगाने भरलेली. दोन-तीन अंशांनी पेल्यात इतका फरक पडतो, हे पहिल्यांदा चाखलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

हायड्रोमीटरबद्दल मात्र माझी पूर्ण सहमती, आणि त्यामागे एक वाईट अनुभव आहे. माझी दुसरी बॅच. आठव्या दिवशी एअरलॉक शांत झाला, म्हणून झालं असं समजून बाटल्या भरल्या. आकडा १.०२० होता आणि तो १.०१० पर्यंत उतरायला हवा होता. फेस येण्यासाठी बाटली भरताना लिटरमागे सहा ग्रॅम साखर घालतात. दहा अंक उतरायचे राहिले म्हणजे लिटरमागे वीस ग्रॅमच्या वर साखर आधीच आत होती, त्यात ही सहा ग्रॅम. बारा दिवसांनी रात्री पहिली बाटली फुटली, मग शेजारची. सकाळी खोक्याचं झाकण उचललं तर काचेचे तुकडे पुठ्ठ्यात रुतलेले होते. त्या वेळी खोक्यावर कुणी वाकलेलं नव्हतं, एवढंच नशीब. तेव्हापासून लागोपाठ तीन दिवस आकडा तोच आल्याशिवाय मी बूच लावत नाही.

उष्ण_खोली:

थोडक्यात लिहितो, कारण तापमानावर कुणी बोललं नाही. बहुतेक एल यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. खोली २८ असेल तर बुधल्याच्या आत दोन-चार अंश आणखी वर जातात, कारण आंबताना उष्णता निघते. मग स्वादाला सॉल्व्हंटची झाक येते आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. बुधला पाण्याच्या टबात ठेवा, गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला, वरून ओलं फडकं टाका. पहिले चार दिवस जपलं तरी खूप. ते जमणार नसेल तर क्वाइक नावाचं नॉर्वेच्या शेतघरांतलं यीस्ट वापरा. ते ३० ते ४० अंशांत आनंदाने काम करतं आणि चवही स्वच्छ ठेवतं. मी त्यावरच चार वर्षं काढली.

नवा_बुधला:

सगळ्यांचे मनापासून आभार. मध घरात होता म्हणून मीडने सुरुवात केली, पण ताई, मॉल्ट एक्स्ट्रॅक्टही मागवलंय. मिथेनॉलचं उत्तर घरी वाचून दाखवलं. बुधला कपाटाच्या मागून ओट्यावर आला.

पण मोठी अडचण झालीय. हायड्रोमीटर आणला, सगळं मोजून घातलं, वीस अंशांवर आकडा घेतला तर १.०४१! १.०८८ कुठे आणि हे कुठे. मध भेसळीचा निघाला का? यीस्ट अजून घातलेलं नाही, पाण्यात भिजवून ठेवलंय आणि मिनिटं मोजतोय.

साका:

मधावर संशय घेऊ नका. बुधला उचलून तळ बघा. गडद, दाट थर दिसतोय ना? तो न विरघळलेला मध. तुम्ही वरचं पातळ पाणी मोजलंत. बूच घट्ट लावून पाच मिनिटं जोरात हलवा, थांबा, परत हलवा, तळ स्वच्छ दिसेपर्यंत. तेवढा प्राणवायूही मिळून जाईल. यीस्ट अर्धा तास थांबू शकतं, त्यात दोन चमचे मधाचं पाणी घाला म्हणजे उपाशी राहणार नाही. नंतर आकडा घ्या.

आणि यीस्ट घातल्यावर तोंड कधीही पक्कं बंद करू नका, एअरलॉकमध्ये पाणी असू द्या. तुमच्या मधातल्या साखरेपासून अडीचशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघणार आहे. त्याला वाट लागते.

नवा_बुधला:

तळाला बोटभर थर होता. हलवल्यावर १.०८६. जीव भांड्यात पडला.

सात आठवड्यांनी हिशेब देतोय. चौथ्या दिवशी १.०५८, तेव्हा शेवटचं पोषक पाण्यात विरघळवून घातलं, फेस मानेपर्यंत आला आणि बसला. पाचव्या दिवशी गंधकाचा वास आला होता, दिवसातून दोनदा बुधला गोल फिरवत राहिलो, दोन दिवसांत गेला. नवव्या दिवशी १.०२४. एकोणिसाव्या दिवशी १.००४, आणि पुढचे तीन दिवस तोच. म्हणजे १०.७ टक्के. महिन्याने नळीने वरचं दुसऱ्या बुधल्यात काढलं, नळीचं टोक पातळीखाली धरून, खळबळ होऊ न देता. तळाला मलईच्या रंगाचा बोटभर साका राहिला.

थेंबभर चाखली. ताई म्हणाल्या तशीच उग्र आहे. पण गिळल्यावर मागून मधाचा वास येतो, गोडवा अजिबात नसताना. ते मला अपेक्षित नव्हतं.

टॉर्चचा खेळ आता घरातले सगळे करतात. आता बुडबुडे नाहीत, त्यामुळे आम्ही बुधल्यामागे वर्तमानपत्र धरतो. काल मथळा वाचता आला. बारीक अक्षरं अजून नाही.